प्रोसेसर 82 वर, ग्राफिक्स कार्ड 67 वर: काळजी करायची का?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच स्वतः पार्ट निवडून गेमिंग पीसी जोडला. रायझन 5 7600एक्स प्रोसेसर, त्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर आणि आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड. गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे लावून ठेवले आहेत. प्रोसेसर 78 ते 82 डिग्री दाखवतो, कार्ड मात्र 67 च्या पुढे जात नाही. एक नवा गेम पहिल्यांदा उघडला, शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते, तेव्हा प्रोसेसर थेट 95 ला टेकला. मित्राकडे रायझन 5 5600 आणि आरटीएक्स 3060 टीआय आहे. त्याचं नेमकं उलटं आहे: प्रोसेसर 64, कार्ड 76. तो म्हणतो, कार्ड नेहमी प्रोसेसरपेक्षा गरम असायला हवं, तुझा कूलर नीट बसलेला नाही. दुसरा मित्र म्हणतो, 360 मिलिमीटरचा, द्रव फिरवून थंड करणारा लिक्विड कूलर घेऊन टाक. काहीच चालू नसलं तरी माझा प्रोसेसर 45 वरून 60 वर उडी मारतो आणि कार्डाचे पंखे तर फिरतच नाहीत. बिघाड नेमका कशात आहे? हल्ली माझं लक्ष गेमपेक्षा आकड्यांवरच जास्त असतं.

उत्तर: आधी मन हलकं करतो. तुम्ही जे लिहिलं आहे त्यात बिघाड दाखवणारी एकही गोष्ट नाही. प्रोसेसर ठीक आहे, कार्ड ठीक आहे आणि लिक्विड कूलरचा विचार निदान आज तरी बाजूला ठेवा. दोन-तीन गोष्टी तपासून घ्यायच्या आहेत, त्या पुढे सांगतोच. पण तुमची काळजी जिथून सुरू झाली तिथून सुरुवात करू, कारण ती जागा फार जणांना फसवते. एकाच कोपऱ्यात, एकाखाली एक, एकाच एककातले दोन आकडे दिसले की नजर आपोआप त्यांची आपसात तुलना करते. 82 मोठा, 67 लहान, म्हणजे पहिल्यात काहीतरी गडबड! प्रोसेसरच्या आणि कार्डाच्या तापमानाची अशी थेट तुलना करून हाती काही लागत नाही. प्रत्येक आकडा ताडून बघायचा तो त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी, तो चिप किती वॅट खातोय त्याच्याशी आणि त्याच मशीनवरच्या महिन्यापूर्वीच्या आकड्याशी.

मर्यादेचं पाहू. तुमच्या 7600एक्ससाठी एएमडीने 95 डिग्रीची मर्यादा दिली आहे. 4070 साठी एनव्हिडियाची मर्यादा 90. मित्राच्या 5600 ची 90 आणि 3060 टीआयची 93. म्हणजे तुमचा प्रोसेसर गेममध्ये मर्यादेपासून 13 डिग्री लांब आहे आणि कार्ड 23 डिग्री लांब. मित्राचं कार्ड त्याच्या मर्यादेपासून 17 डिग्रींवर आहे आणि त्याबद्दल तो निवांत आहे, ते योग्यच आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना 100 पर्यंत मुभा असते, तर एएमडीच्याच 7800एक्स3डीला 89 पर्यंतच. 88 डिग्री हा एकच आकडा एकाच्या बाबतीत अगदी काठावरचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत ऐसपैस ठरतो. आणि मर्यादा म्हणजे चिप जळण्याचं तापमान नव्हे. त्या आकड्याला पोचल्यावर चिप स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करून तापमान तिथेच धरून ठेवतो. त्याच्याही वर गेलं तर मशीन बंद पडतं, ती वेगळी आणि आणखी वरची पायरी.

आता त्या 95 बद्दल. शेडर तयार होताना तुमच्या प्रोसेसरचे सहाही कोर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि बाराही थ्रेड (दर कोरमागे कामाच्या दोन रांगा) एकदम कामाला लागतात. गेम खेळताना असं जवळजवळ कधीच होत नाही. 2022 मध्ये तुमच्या प्रोसेसरची 7000 मालिका आली तेव्हा एएमडीने तिचं वागणं मुद्दामच असं ठेवलं की सगळे कोर राबत असतील तर प्रोसेसर वेग वाढवत राहतो आणि तीनपैकी एक भिंत लागली की थांबतो: वेगाची कमाल, 142 वॅटची मर्यादा किंवा 95 डिग्री. तुमच्यासारख्या एका पंख्याच्या कूलरवर बहुतेक वेळा डिग्रीची भिंत आधी लागते. म्हणजे त्या दिवशी प्रोसेसर जसा बनवला आहे तसाच वागला. पुढच्या वेळी शेडर तयार होत असताना तापमानाऐवजी वेग बघा. 7600एक्सचा मूळ वेग 4.7 गिगाहर्ट्झ आणि कमाल 5.3. तापमान 95 आणि वेग पाचच्या आसपास असेल तर कूलर त्याचं काम करतोय. तापमान 95 आणि वेग 4.7 च्या खाली घसरलेला असेल तर मात्र कूलर उघडून बघायला हवा.

मग कमी वॅट खाणारा प्रोसेसर जास्त वॅट खाणाऱ्या कार्डापेक्षा गरम कसा? हा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण तुमच्या पत्राच्या मुळाशी तोच आहे आणि त्याचं उत्तर कळलं की निम्मी भीती जाते. तुमच्या प्रोसेसरमध्ये ज्या तुकड्यावर सगळे कोर आहेत, त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 70 चौरस मिलिमीटर आहे. करंगळीच्या नखाएवढं म्हणा. 4070 चा चिप सुमारे 295 चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौपटीहून मोठा. गेममध्ये प्रोसेसर साधारण 60 ते 80 वॅट घेतो, कार्ड 200 पर्यंत. आणि कार्डाच्या त्या 200 मध्ये मेमरीचा आणि वीज पुरवणाऱ्या सर्किटचाही वाटा असतो, सगळी उष्णता चिपमध्येच तयार होत नाही. मूठभर निखारे एकाच फरशीवर ठेवले तर ती फरशी हात लावू देत नाही. त्याहून जास्त निखारे चार फरश्यांवर पसरले तर एकेक फरशी तेवढी तापत नाही. चिपचं गणित तेच आहे. एकूण उष्णतेपेक्षा ती किती जागेत दाटली आहे, यावर आकडा ठरतो.

त्यात प्रोसेसरच्या वाटेत एक जास्तीचा अडसर आहे. त्याच्या चिपवर धातूचं झाकण असतं. उष्णता आधी झाकणात, मग थर्मल पेस्टमधून (मधली फट भरणारा लेप) कूलरच्या तळात, तिथून हीटपाइपमध्ये (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) अशी जाते. 7000 मालिकेत हे झाकण बरंच जाड आहे, कारण आधीच्या एएम4 सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) काळातले कूलर नव्या एएम5 सॉकेटवरही बसावेत म्हणून उंची तीच ठेवली. शिवाय कोरचा तुकडा झाकणाच्या मधोमध नसतो, एका बाजूला असतो, त्यामुळे बऱ्याच कूलरच्या तळाचा मधला, सगळ्यात परिणामकारक भाग नेमका त्याच्यावर येत नाही. काही कंपन्या म्हणूनच कूलर थोडा सरकवून बसवता येईल अशा पट्ट्या देतात. ग्राफिक्स कार्डात असं झाकणच नसतं. हीटसिंकचा (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या गठ्ठ्याचा) तळ उघड्या चिपवर थेट टेकतो आणि तो हीटसिंक कार्डाच्या लांबीएवढा, दोन-तीन पंख्यांचा असतो. अशी सोय असल्यावर 67 हा आकडा चांगला आहे, पण आश्चर्याचा नाही.

आता जरा आकडे हाताळून बघू. समजा खोलीत 27 डिग्री आहे. प्रोसेसर 82 वर आहे आणि 75 वॅट घेतोय. खोलीपेक्षा तो 55 डिग्री वर आहे. 55 ला 75 ने भागलं तर 0.73. म्हणजे दर वॅटमागे तो पाऊण डिग्रीच्या आसपास चढतो. कार्ड 67 वर आहे आणि 190 वॅट घेतंय. ते खोलीपेक्षा 40 डिग्री वर. 40 ला 190 ने भागलं तर 0.21. माझे वॅट अंदाजाने घेतलेले आहेत, तुमचे खरे आकडे घालून तुम्हीच हा भागाकार करा. कार्डाची गरम हवा प्रोसेसरच्या कूलरलाही लागते, त्यामुळे हे काही प्रयोगशाळेतलं माप नाही. पण हे दोन आकडे एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा, कारण तुमच्या मशीनच्या तब्येतीची खरी नोंद हीच. उन्हाळ्यात खोली 35 ला गेली आणि प्रोसेसर 90 दाखवू लागला तरी हा भागाकार तेवढाच राहील, आणि कळेल की बदल खोलीत झालाय, मशीनमध्ये नाही. उलट खोली तीच, गेम तोच आणि 0.73 चा 0.9 झाला, तर धूळ साचली आहे, पंखा मंदावला आहे किंवा पेस्टचं आयुष्य संपत आलंय.

तुमच्या कोपऱ्यातल्या दोन आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. ते दोन आकडे मुळात एकाच प्रकारचे नाहीत. प्रोसेसरचा जो आकडा तुम्ही बघता तो आत पसरलेल्या अनेक सेन्सरांपैकी त्या क्षणी सगळ्यात गरम असलेल्या जागेचा असतो. कार्डाचा नेहमीचा आकडा तसा नसतो. कार्डातल्या सगळ्यात गरम जागेचा आकडा वेगळा मिळतो, त्याला हॉट स्पॉट म्हणतात. एएमडीच्या कार्डांत त्याचं नाव जंक्शन आहे, आणि 2019 च्या आरएक्स 5700 एक्सटीपासून एएमडीने त्याला 110 डिग्रीपर्यंत मुभा दिली आहे. चांगल्या बसवलेल्या कार्डात हॉट स्पॉट नेहमीच्या आकड्याच्या साधारण 10 ते 20 डिग्री वर असतो. तुमच्या कार्डाचा हॉट स्पॉट 80 च्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे सगळ्यात गरम जागेशी सगळ्यात गरम जागाच ताडली, तर तुमच्या 82 आणि 67 मधलं पंधराचं अंतर जवळजवळ नाहीसं होतं. एनव्हिडियाच्या 50 मालिकेच्या कार्डांत हा हॉट स्पॉटचा आकडा वापरणाऱ्याला दिसत नाही, तुमच्या 4070 मध्ये मात्र दिसतो.

सेन्सरचा आकडा म्हणजे चिपला लावलेला थर्मामीटर नव्हे, हे 2017 मध्येच पुष्कळांना कळलं होतं. पहिल्या पिढीच्या रायझन 7 1700एक्स आणि 1800एक्सचा मुख्य आकडा खऱ्या तापमानापेक्षा 20 डिग्रींनी जास्त दाखवला जायचा. मालिकेतल्या सगळ्या प्रोसेसरांवर पंख्यांचं वागणं सारखं राहावं म्हणून एएमडीने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. बिचारे कित्येक जण तेव्हा नवे कूलर उघडून पुन्हा पेस्ट लावत बसले.

तुमच्या मित्राकडे वळू. त्याचा हेतू चांगला आहे, पण कार्ड नेहमी जास्त गरम असायलाच हवं हा नियम कुठेही नाही. त्याच्या 5600 ला जास्तीत जास्त 76 वॅटची मर्यादा आहे, तुमच्याला 142 ची. त्याचा प्रोसेसर 64 वर असण्याचं मुख्य कारण हेच. कार्डांचं मात्र गंमतशीर आहे. 3060 टीआय आणि 4070, दोन्हींची वीजमर्यादा 200 वॅटच आहे. तरी एक 76 वर, दुसरं 67 वर. फरक हीटसिंकचा आकार, पंखे आणि मुख्य म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या फॅन कर्व्हचा, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखे किती जोरात फिरवायचे याच्या तक्त्याचा आहे. कार्डाचं तापमान बऱ्याच अंशी आवाजाच्या हिशेबाने निवडलेलं असतं. पंखे सावकाश फिरवले तर कार्ड शांत आणि 76, जोरात फिरवले तर आवाज आणि 67. दोन्ही निरोगी.

तुमच्या 67 बद्दल एक मात्र नक्की तपासा. गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के आहे? तो 97-98 च्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय आणि 67 ही कूलरची कमाई आहे. तो 60-65 टक्क्यांवर घुटमळत असेल तर कार्ड थंड आहे ते रिकामं बसलेलं असल्यामुळे. 1080पी रिझोल्यूशनवर, कमी सेटिंगवर वेगवान शूटर गेम खेळलात तर दर सेकंदाच्या फ्रेमचा आकडा प्रोसेसर ठरवतो, तो घाम गाळतो आणि कार्ड वाट बघत बसतं. तेव्हा प्रोसेसर गरम आणि कार्ड थंड दिसणारच. रिझोल्यूशन वाढवा किंवा ग्राफिक्सची सेटिंग वर न्या, दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकताना दिसतील.

काही चालू नसताना उड्या का? विंडोज मागे काही ना काही करत असतं: अपडेट शोधणं, फाइल तपासणं, एखादा टॅब जागा होणं. असं लहानसं काम आलं की प्रोसेसर एका कोरला क्षणभर भरपूर व्होल्टेज देऊन 5 गिगाहर्ट्झच्या वर नेतो, काम उरकतो आणि परत झोपतो. त्या एका कोरचा कण इतका लहान आहे की 15 डिग्रींची उडी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते आणि तशीच उतरते. त्याचा त्रास फक्त पंख्यांच्या आवाजात होतो, कारण पंखेही प्रत्येक उडीबरोबर गुरगुरतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरच्या पंख्याला दोन-तीन सेकंद उशिराने प्रतिसाद द्यायची सोय असते, ती लावा. कार्डाचे पंखे थांबलेले असतात ते बहुतेक कंपन्यांनी मुद्दाम तसं ठेवल्यामुळे. साधारण 50 ते 60 डिग्रींच्या खाली ते बंदच राहतात. गेम सुरू केल्यावर फिरतात ना? मग विषय संपला.

आता करायचं काय ते सांगतो. कोपऱ्यातल्या आकड्यांऐवजी एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यात प्रत्येक आकड्यासमोर आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे रकाने असतात. नेहमीचा गेम सुरू करून दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे हीटसिंक आणि कॅबिनेटमधली हवा स्थिर होईल. मग आकडे शून्यावर आणून अर्धा तास खेळा आणि सरासरीचा रकाना बघा. कमालचा रकाना एका क्षणाची उडी पकडून बसतो, त्यावरून काहीही ठरवू नका. निव्वळ ताण देणारी सॉफ्टवेअर चालवून घाबरण्यातही अर्थ नाही. मशीन गेमसाठी घेतलंय, तर तपासणी गेमवरच करायची.

त्यानंतर तोच गेम, तीच जागा, पण कॅबिनेटचं काचेचं साइड पॅनेल काढून. ही चाचणी फुकटची आहे आणि तिच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. पॅनेल काढल्यावर प्रोसेसर एक-दोन डिग्रींनीच उतरला तर हवा नीट खेळते आहे. सात-आठ डिग्री किंवा जास्त उतरला तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे. तुमचं कार्ड जवळजवळ 200 वॅटची उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं आणि प्रोसेसरचा टॉवर कूलर बरोबर त्याच्या वर बसलेला असतो. म्हणजे प्रोसेसरला मिळते ती कार्डाने तापवलेली हवा. अशा वेळी पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर फेकणारा एक, एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या कूलरनेही पडत नाही. पुढचा भाग सपाट काचेचा असेल आणि हवा फक्त कडेच्या फटींतून येत असेल तर पंखे कितीही लावा, ते गुदमरतात. धुळीची जाळीही काढून बघा.

पॅनेल उघडलंच आहे तर टॉवर कूलरचा पंखा हवा कुठे ढकलतोय तेही पाहून घ्या. ती मागच्या पंख्याच्या दिशेने जायला हवी. पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्यांकडून पंखा उलटा लागणं अगदी नेहमीचं आहे. ज्या बाजूला पंख्याची जाळीदार पट्ट्यांची चौकट दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. कूलरच्या तळावरचं संरक्षक प्लास्टिक काढायचं राहिलं असेल अशीही भीती काहींना वाटते. तुमच्या आकड्यांवरून ती शंका मला येत नाही, तसं असतं तर साध्या गेममध्येही प्रोसेसर 95 ला चिकटून बसला असता.

लिक्विड कूलरचं विचारलंत. त्याने गेममधला आकडा काही डिग्रींनी उतरेल, फ्रेम मात्र तेवढ्याच मिळतील, कारण 82 वर तुमचा प्रोसेसर तापमानामुळे अडलेलाच नाही. सगळे कोर राबतात तेव्हा तर तो वाचलेल्या डिग्री वापरून वेग किंचित वाढवेल आणि पुन्हा वर चढेल. शिवाय रेडिएटर (लिक्विड कूलरचा द्रव थंड करणारी जाळी) पुढे लावला तर प्रोसेसरने तापवलेली हवा कार्डावर जाणार, वर लावला तर कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून जाणार. एकाचा आकडा उतरवताना दुसऱ्याचा चढतो, एवढं ध्यानात ठेवा.

त्यापेक्षा बायोसमध्ये एक पैसाही न घालता होणारे उपाय आहेत. पहिला इको मोड. ‘65 वॅट’ नावाचा इको मोड लावला की प्रोसेसरची कमाल वीज 142 ऐवजी 88 वॅटवर येते. शेडर तयार होतानाचा 95 चा आकडा बराच खाली येईल आणि गेमच्या फ्रेममध्ये फरक शोधावा लागेल. गेममधले 82 मात्र यामुळे फारसे हलणार नाहीत, कारण तिथे प्रोसेसर 88 च्या आतच असतो. त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. त्यात सगळ्या कोरना उणे 10 द्या, आठवडाभर वापरा, सगळं सुरळीत असेल तर उणे 15-20 कडे जा. यात त्याच वेगासाठी व्होल्टेज कमी होतं. मशीन मध्येच अडकलं किंवा रिकामं असताना रीस्टार्ट झालं तर एक पायरी मागे या. तिसरा उपाय सगळ्यात सोपा: मॉनिटर 144 हर्ट्झचा असेल तर फ्रेम सेकंदाला 141-142 वर बांधून टाका. जे दिसणारच नाही ते काढण्यात दोन्ही चिपची वीज जाते, ती वाचते.

चिपच्या आयुष्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात ते असणारच. उष्णतेने चिप म्हातारा होतो हे खरं आहे, पण खरा घात होतो तो जादा व्होल्टेजची तिला जोड मिळाली की. एप्रिल 2023 मध्ये तुमच्याच सॉकेटचे काही 7000 मालिकेतले प्रोसेसर जळल्याची उदाहरणं पुढे आली, तेव्हा कारण गेममधलं तापमान नव्हतं. मेमरीसाठी एक्स्पो (मेमरी जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) वाजवीपेक्षा जास्त देत होते. एएमडीने मग ते 1.3 व्होल्टवर बांधणारे बायोस मदरबोर्ड कंपन्यांकडून काढवले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर कोलमडत होते, तिथेही 2024 मध्ये वाढीव व्होल्टेजच समोर आलं आणि मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून 82 ची चिंता करण्याऐवजी आजच तुमच्या मदरबोर्डचं बायोस ताजं आहे का ते बघा, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसी व्होल्टेज 1.3 च्या आत आहे याची खात्री करा. या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आणि खरंच घाबरावं असं काय? कालपर्यंत 80 असलेला प्रोसेसर आज त्याच गेममध्ये 95. मशीन चालू करून बायोसमध्ये नुसतं बसलं तरी मिनिटाभरात 90 च्या पुढे. कार्डाचा नेहमीचा आकडा आणि हॉट स्पॉट यांत 30 डिग्रींहून जास्त अंतर, किंवा पूर्वी 12 असलेलं अंतर 25 झालेलं, म्हणजे कार्डावरची पेस्ट कडेला सरकली आहे. कार्डाच्या मेमरीचा आकडा सतत शंभरच्या पुढे, कारण तुमच्या 4070 वर जीडीडीआर6एक्स प्रकारची मेमरी असेल तर ती 110 ला वेग कमी करते. गेम ऐन रंगात असताना मशीन एकदम काळंठिक्कर पडणं. यातलं काहीही दिसलं तर वॉरंटीचे कागद शोधा, कार्ड स्वतः उघडू नका.

साइड पॅनेल लावून आणि काढून, अशा दोन्ही वेळच्या अर्ध्या तासाच्या सरासऱ्या मला कळवा: प्रोसेसरचं तापमान आणि वॅट, कार्डाचं तापमान, हॉट स्पॉट आणि वॅट, कार्डाचा वापर किती टक्के आणि खोलीतलं तापमान. एसओसी व्होल्टेजही लिहा. तेवढ्यावरून पंखे वाढवायचे की नुसतं कर्व्ह ऑप्टिमायझरवर भागेल ते नक्की सांगता येईल. तोवर कोपऱ्यातले आकडे बंद ठेवून खेळा.